पक्षाघाताच्या रुग्णाची शुश्रूषा (नाशिक)

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने किंवा रक्तवाहिनीच फुटल्याने आलेल्या पक्षाघातात (अर्धांगवायू, लकवा) रुग्णालयात केली जाणारी परिचर्या. येथे तिचा विचार नाशिक शहर व जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

परिचारकाच्या गुणांची नेमकी मांडणी चरकसंहिता या आयुर्वेदीय ग्रंथाच्या सूत्रस्थान या भागात (अध्याय ९) आढळते. वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद होत. परिचारकाकडे उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हवी, असे तेथे सांगितले आहे. पक्षाघाताची सविस्तर चिकित्सा मात्र चिकित्सास्थानाच्या २८ व्या अध्यायात येते. सूत्रस्थानातील वातविकारांच्या यादीत त्याचा केवळ नामनिर्देश आहे. हे दोन्ही भाग एकाच काळातले मानता येत नाहीत. मूळ संहितेचा काळ साधारणतः इ.स.पू. दुसरे ते इ.स. दुसरे शतक असा धरतात. चिकित्सास्थानाचे १७ अध्याय दृढबल या नंतरच्या संपादकाने पूर्ण केले; त्याचा काळ बहुधा इ.स. चौथे-पाचवे शतक. ते १७ अध्याय कोणते, याबाबत अध्यायक्रमातील फरकामुळे मतभेद आहेत, तथापि २८ वा अध्याय दृढबलाचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. तसे असल्यास शुश्रूषेचा हा विचार पक्षाघाताच्या उपलब्ध सविस्तर वर्णनाहून जुना ठरतो. सुश्रुतसंहितेनुसार (सूत्रस्थान, अध्याय ३४) परिचारक स्नेहाळ, बलवान, न थकणारा आणि किळस न करणारा असावा. शेवटचे दोन गुण किती मोलाचे, हे पक्षाघाताच्या रुग्णाची चादर रात्री तिसऱ्यांदा बदलणारी परिचारिका जाणते.

गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून ४.५ तासांच्या आत द्यावे लागते. ते दिल्यावर पहिले २ तास दर १५ मिनिटांनी, पुढील ६ तास दर अर्ध्या तासाने आणि मग २४ तास पूर्ण होईपर्यंत दर तासाला रक्तदाब व शुद्धी तपासतात. रक्तदाब १८०/१०५ च्या खाली ठेवतात. सुरगाणा, पेठ या घाटांतील तालुक्यांतून येणाऱ्यांची ही वेळ पुष्कळदा वाटेतच सरते. अशा रुग्णाच्या बाबतीत परिचर्येवरच अधिक भार पडतो.

परिचर्येने नेमका किती फरक पडतो, याचा भक्कम पुरावा ऑस्ट्रेलियातील २०११ च्या चाचणीतून मिळाला. ताप, रक्तशर्करा आणि गिळण्याची क्षमता या तीन गोष्टींवर परिचारिकांनी ठरलेल्या पद्धतीने लक्ष ठेवले, तेव्हा ९० दिवसांनंतर मृत्यू वा परावलंबित्वाचे प्रमाण ४२ टक्के राहिले; इतर कक्षांत ते ५८ टक्के होते. करुणा आणि तंत्र हे परिचर्येचे दोन वेगळे कप्पे मानण्याचा प्रघात म्हणूनच अपुरा वाटतो.

गिळण्याची तपासणी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. रुग्णाला ताठ बसवून चमचाभर पाणी देतात. कंठमणी वर सरकतो का, ठसका लागतो का, नंतर ‘आ’ म्हणताना आवाज घरघरतो का, हे पाहतात. ही तपासणी होईपर्यंत तोंडाने काही द्यायचे नसते. नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि अत्यवस्थ माणसाच्या तोंडात गंगेचे पाणी घालावे ही नातेवाइकांची भावना मनापासूनची असते. ते पाणी श्वासनलिकेत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. जाणती सिस्टर अशा वेळी खेकसत नाही. कापसाचा बोळा त्याच पाण्यात भिजवून, पिळून, आजींचे ओठ पुसायला मुलाच्या हातात देते.

रुग्णाला केव्हा उठवावे, हा वादाचा विषय आहे. जितके लवकर तितके बरे, ही धारणा दीर्घकाळ रूढ होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५ देशांतील २,१०४ रुग्णांवरील चाचणीत पहिल्या २४ तासांतच सुरुवात करून वारंवार व दीर्घकाळ उठवलेल्यांची प्रगती उलट कमी दिसली. यावरून रुग्णाला पडूनच ठेवावे असा अर्थ काढणे चुकीचे होईल. थोडा वेळ, पण बेताने उठवणे हा मध्यममार्ग अधिक ग्राह्य दिसतो. उशाकडची बाजू सपाट ठेवावी की ३० अंश उचलावी, याने परिणामात फरक पडत नाही, असे २०१७ च्या मोठ्या चाचणीत आढळले. दर दोन तासांनी कूस बदलणे, लुळ्या हाताखाली उशी देणे आणि तो हात धरून रुग्णाला कधीही न ओढणे याविषयी मात्र प्रत्यक्ष व्यवहारात फारसे दुमत नाही. ओढल्याने खांदा निखळू शकतो.

वाचा गेलेल्या रुग्णाला बहुधा समजत असते, आणि त्याच्या देखत त्याच्याविषयी बोलले जाते तेव्हा ते त्याला लागते. मालेगाव-बागलाण भागातील रुग्णाशी अहिराणीत, सुरगाण्याच्या रुग्णाशी कोकणीत (कोकणा आदिवासींची बोली) बोलणारी परिचारिका किंवा वॉर्डातली मावशी असेल, तर प्रतिसाद अधिक लवकर मिळण्याची शक्यता असते. ‘बाबा, आता कूस बदलते हं’ असे सांगून मगच हात लावणे, बेडपॅन देताना पडदा ओढणे यांना वेगळा वेळ लागत नाही.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे (स्थापना १९९८) मुख्यालय नाशिकला म्हसरूळ येथे असून राज्यातील परिचर्या महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. जिल्हा रुग्णालय, विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आणि आडगावचे वैद्यकीय महाविद्यालय ही शहरातील प्रमुख केंद्रे होत.

घरच्यांना शिकवून पुनर्वसन साधते का, याची भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर चाचणी झाली (२०१७). सहा महिन्यांनंतर विशेष लाभ दिसला नाही. घरच्यांवरच व्यायामोपचाराचा भार टाकू नये, एवढा निष्कर्ष त्यातून निघतो. शिकवूच नये असा नव्हे. पलंगावरून खुर्चीत बसवणे, नळीतून आहार भरवणे आणि माकडहाड, टाचा यांवरची लाली (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात) ओळखणे या गोष्टी सुटी होण्यापूर्वी परिचारिका नातेवाइकाकडून आपल्यासमोर करून घेते.