दिवाळीच्या ‘त्या’ फोटोमागची गोष्ट: रात्रीची पृथ्वी उपग्रहांना कशी दिसू लागली

दिवाळी जवळ आली की एक चित्र फोनवर फिरू लागतं. काळ्याभोर पटावर भारताचा आकार, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके आणि खाली ओळ: ‘दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा आपला देश’. चित्र अस्सल आहे, ओळ मात्र थाप आहे. मुळात ते एका रात्रीचं चित्रच नाही. अमेरिकेतल्या ‘नोआ’ या हवामान व महासागर संस्थेचे शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी ते २००३ च्या सुमारास लष्करी हवामान उपग्रहांच्या नोंदींवरून तयार केलं. १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे, १९९२ मध्ये नव्याने दिसू लागलेले निळे, १९९८ पर्यंतचे हिरवे आणि २००३ पर्यंतचे लाल. म्हणजे तो रंगांचा उत्सव नसून शहरं कशी पसरत गेली याचा हिशोब आहे.

२०१२ च्या दिवाळीत नासाने १२ नोव्हेंबरच्या रात्रीचं भारताचं खरं उपग्रहचित्र प्रसिद्ध केलं आणि सोबत सांगूनही टाकलं की पणत्या, आकाशकंदील आणि रोषणाईमुळे पडणारी भर इतकी थोडी असते की अवकाशातून ती बहुधा जाणवणारही नाही. खुलासा येऊन इतकी वर्षं झाली तरी चित्र फिरायचं थांबलेलं नाही. पण या चित्राची खरी जन्मकथा त्या खोट्या ओळीपेक्षा कितीतरी रंजक आहे, कारण तिची सुरुवात दिव्यांपासून होत नाही. होते ढगांपासून.

शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेचे ‘कोरोना’ नावाचे हेरगिरी उपग्रह सोव्हिएत भूमीचे फोटो फिल्मवर टिपत आणि ती फिल्म कुपीत घालून खाली सोडत. फिल्म मोजकी, आणि खाली ढग असले की तेवढी वाया. तेव्हा आधी ढग कुठे आहेत ते कळावं म्हणून हवामान उपग्रहांचा एक वेगळा गुप्त कार्यक्रम उभा राहिला. त्याचा पहिला यशस्वी उपग्रह १९६२ साली कक्षेत गेला. पुढे हाच कार्यक्रम डीएमएसपी या आद्याक्षरांनी ओळखला जाऊ लागला. व्हिएतनाम युद्धात वैमानिकांना त्याच्या माहितीचा उपयोग झाला आणि १९७२-७३ च्या सुमारास त्याच्याभोवतीचं गुप्ततेचं कवच निघालं.

ढग दिवसा दिसतातच, रात्रीचं काय? लष्कराला रात्रीही ढग हवे होते, म्हणून चंद्राच्या उजेडातले ढगसुद्धा टिपता येतील इतकं संवेदनशील उपकरण बनवलं गेलं. १९७६ पासून उपग्रहांवर बसवलेल्या नव्या उपकरणात मंद प्रकाश अनेक पटींनी वाढवणारी नळी होती. चांदण्यातला ढग दिसण्याइतकी नजर तीक्ष्ण केली की अमावास्येला शहरांचे दिवे दिसणारच. ते कुणी मागितले नव्हते.

या हवामान उपग्रहांची चित्रंही तेव्हा फिल्मवरच जपली जात. त्या पट्ट्यांकडे वेगळ्या नजरेने पाहणाऱ्यांत थॉमस क्रॉफ्ट हे अमेरिकन संशोधक अग्रणी होते. तेलक्षेत्रांत निरुपयोगी म्हणून जाळल्या जाणाऱ्या वायूच्या ज्वाळा या चित्रांत किती ठळक दिसतात, हे त्यांनी १९७३ मध्येच, आधीच्या उपकरणाच्या चित्रांवरून, दाखवून दिलं. १९७८ साली त्यांनी रात्रीच्या पृथ्वीवर सविस्तर लेख लिहिला. त्यात शहरं होती, वायूच्या ज्वाळा होत्या, शेतीसाठी पेटवलेल्या आगी होत्या आणि जपानच्या समुद्रात माखळी पकडणाऱ्या बोटींचे झगझगीत दिवेही होते. आजही पृथ्वीच्या अंधाऱ्या बाजूवर दिसणाऱ्या उजेडाची वर्गवारी साधारण हीच आहे. मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात, दीडशेहून अधिक किलोमीटरवर, जे ठिपके दिसतात ते बेटावरच्या गावाचे नसतात. ते बॉम्बे हायचे, म्हणजे तेलफलाटांचे आणि तिथल्या ज्वाळांचे असतात.

माणसाच्या डोळ्यांनी हे दृश्य आधीच पाहिलं होतं. २० फेब्रुवारी १९६२ रोजी अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणा करत होते, तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रहिवाशांनी त्यांच्यासाठी मुद्दाम दिवे लावून ठेवले. ग्लेन यांना ते दिसले आणि त्यांनी वरूनच आभार मानले. ‘दिव्यांचं शहर’ ही बिरुदावली पर्थला तेव्हा मिळाली. चाळीसेक वर्षांनी अंतराळ स्थानकावरच्या डॉन पेटिट यांच्यापुढे वेगळीच अडचण होती: स्थानक इतक्या वेगाने धावतं की रात्रीचा फोटो हलतोच. त्यांनी हाताशी असलेल्या सुट्या भागांतून, खालच्या शहरावर कॅमेरा रोखून ठेवणारं एक यंत्र जुळवलं, आणि शहरांचे रस्ते पहिल्यांदा इतके स्वच्छ दिसले. संशोधनाला मात्र अशा सुट्या फोटोंपेक्षा रोजची, सगळ्या जगाची, एकसारखी नोंद हवी होती.

ती नोंद १९९२ पासून संगणकीय स्वरूपात जपली जाऊ लागली आणि इथून खरी घोडदौड सुरू झाली. एल्विज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षभराच्या चित्रांतून ढग, चांदणं, वणवे, विजा गाळून ‘स्थिर दिव्यांचे’ नकाशे बनवले. १९९७ मध्ये त्यांनी २१ देशांची आकडेवारी मांडून दाखवलं की उजळलेलं क्षेत्र आणि वीजवापर, तसंच अर्थव्यवस्थेचं आकारमान यांचा घट्ट संबंध आहे. अर्थतज्ज्ञांना हे घबाडच वाटलं. ज्या देशांत सांख्यिकी खातं नावापुरतंच आहे, तिथेही उपग्रह रोज रात्री जातो. २०१२ साली हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि वाइल या तिघांनी दिव्यांवरून आर्थिक वाढ मोजण्याची पद्धत मांडली. तो निबंध आज या विषयाचा पाया मानला जातो. पुढे लुईस मार्टिनेझ या अर्थतज्ज्ञांनी आणखी एक पाऊल टाकलं. हुकूमशाही देश जीडीपीची जेवढी वाढ सांगतात, तेवढे त्यांचे दिवे वाढलेले दिसत नाहीत. त्यांच्या हिशोबाने हे देश वाढीचा दर सुमारे ३५ टक्क्यांनी फुगवून सांगतात. कागदावरचा आकडा वाढवता येतो, गावोगावचे दिवे त्याच वेगाने वाढवणं अवघड.

पण १९७६ पासूनच्या त्या जुन्या उपकरणाच्या खोडी लक्षात न घेता काढलेले निष्कर्ष मला नेहमीच जरा धाडसी वाटतात. त्याला उजेड ० ते ६३ एवढ्याच पायऱ्यांत मोजता येई. मुंबई, दिल्लीचा मध्यभाग ६३ वर जाऊन अडकायचा; त्यापुढे तिथे कितीही टॉवर उभे राहिले तरी आकडा हलणार नाही. उलट शहराच्या कडेला प्रकाश आजूबाजूच्या शेतांवर आणि खाडीवर सांडल्यासारखा दिसे. उपकरणाला अवकाशात स्वतःची तपासणी करण्याची सोय नव्हती, त्यामुळे एका उपग्रहाचे आकडे दुसऱ्याशी सरळ जुळत नसत. आणि शेती? ज्वारीचं पीक भरघोस आलं म्हणून रात्री शिवार चमकत नाही. जिथे बहुतेक लोक कोरडवाहू शेतीवर जगतात, तिथलं बरं-वाईट वर्ष दिव्यांत फारसं उमटतच नाही.

यातल्या बऱ्याच त्रुटी २८ ऑक्टोबर २०११ रोजी सोडलेल्या ‘सुओमी एनपीपी’ या उपग्रहाने दूर केल्या. त्याच्यावरचं ‘व्हीआयआयआरएस’ हे उपकरण साधारण ७५० मीटरपर्यंतचा तपशील वेगळा दाखवतं, मुंबईसारख्या झगमगाटातही अडकत नाही आणि एखाद्या महामार्गावरच्या दिव्यांची रांगही टिपतं. २०१२ च्या डिसेंबरात नासाने यातून ‘ब्लॅक मार्बल’ नावाने पृथ्वीचं रात्रचित्र प्रसिद्ध केलं. त्यानंतर २०१७ आणि २०२२ साली तशाच उपकरणाचे आणखी दोन उपग्रह कक्षेत गेले.

मात्र वेळ बदलली. जुने उपग्रह रात्री साधारण साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान वरून जात, नवे मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातात. जुने आकडे संध्याकाळच्या बाजारपेठेचे, नवे झोपलेल्या शहराचे. दोन्ही एकाच आलेखावर जोडणाऱ्यांनी हे विसरू नये. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे मालवून पणत्या लावण्याचं आवाहन झालं, तेव्हाही ‘उपग्रहातून दिसलेला भारत’ फोनवर झळकला. हा उपग्रह भारतावर येईपर्यंत पणत्यांतलं तेल संपलेलं असणार, एवढा साधा हिशोब कुणी केला नाही.

रोजची नोंद मिळू लागल्यावर या चित्रांचा उपयोग संकटांच्या वेळी सर्वाधिक झाला. सीरियात मार्च २०११ नंतरच्या चार वर्षांत ८३ टक्के दिवे विझल्याचं चीनमधल्या वुहान विद्यापीठाच्या शी ली यांनी दाखवलं. अलेप्पोत तर ९७ टक्के. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने प्वेर्तो रिकोची वीजव्यवस्था कोलमडली, तेव्हा नासातल्या मिगेल रोमान यांच्या गटाने कुठल्या वस्तीत वीज किती दिवसांनी परतली ते रात्रीच्या चित्रांवरून मोजलं. शहराबाहेरच्या वस्त्या मागे राहिल्या हे त्यातून आकड्यांनिशी पुढे आलं. सणांचंही असंच. अमेरिकन शहरं नाताळच्या दिवसांत २० ते ५० टक्के अधिक उजळतात आणि मध्यपूर्वेतल्या अनेक शहरांत रमजानच्या रात्री जास्त प्रकाशमान असतात, असं याच गटाला आढळलं. मग दिवाळी का दिसत नाही, असं विचारणाऱ्यांसाठी: पणतीचा उजेड मिणमिणता, आणि तीही बहुतेक घरांत दीड वाजेपर्यंत शांत झालेली असते.

सीमांचं चित्र मात्र फसवं आहे. उत्तर कोरिया अंधारात आणि दक्षिण कोरिया बेटासारखं उजळलेलं, हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तिथे अंधाराचा अर्थ खरोखरच विजेचा दुष्काळ आहे. पण भारत-पाकिस्तान सीमेवरची नारिंगी रेघ, जी अंतराळ स्थानकावरून २०११ साली टिपली गेली, ती कुठल्या वस्तीची नाही. कुंपणालगतचे पहाऱ्याचे दिवे आहेत ते. एकाच प्रकारचा उजेड, एका जागी भरभराट सांगतो आणि दुसऱ्या जागी बंदोबस्त.

भारतापुरतं पाहायचं तर मिशिगन विद्यापीठाचे ब्रायन मिन यांनी जागतिक बँकेसोबत १९९३ ते २०१३ या काळातली सुमारे ६ लाख खेड्यांची रात्रीची नोंद लोकांसमोर खुली केली. ‘विद्युतीकरण पूर्ण’ असा शिक्का बसलेल्या गावात रात्री खरोखर दिवा लागतो का, हे आपल्याकडे भारनियमन भोगलेल्यांना वेगळं सांगायला नको. तेच आता वरून तपासता येऊ लागलं. इस्रोच्या हैदराबादमधल्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने २०१२ ते २०२१ या दशकाचा रात्रप्रकाशाचा नकाशासंग्रह काढला. त्यात देशातला उजेड ४३ टक्क्यांनी वाढल्याचं दिसतं, बिहारमध्ये तर ४७४ टक्क्यांनी. जिथे मुळातच अंधार होता तिथे टक्केवारी उंच उडी घेते, हे अर्थात ध्यानात ठेवायला हवं. आणि पावसाळ्याचे चार महिने ढगांमुळे आपल्याकडच्या नोंदी विरळच असतात. ज्या ढगांसाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला, ते आता नको झालेत.

समुद्रावरचे दिवे हा कोकणाच्या जिव्हाळ्याचा विषय. प्रखर दिवे लावून मासळीचे थवे ओढून घेणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली; रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या पारंपरिक मच्छीमारांची तक्रार तरीही चालूच आहे. अंधाऱ्या समुद्रावरची उजळलेली बोट शोधण्याची पद्धत एल्विज यांच्याच गटाने २०१५ च्या सुमारास तयार केली आणि आग्नेय आशियात ती वापरात आली. तिच्यातून बोट कुठे आहे ते कळतं. कुणाची आहे ते नाही.

गेल्या दहा वर्षांत मात्र या सगळ्या मोजणीखालची जमीनच सरकली आहे, तीही एलईडीमुळेच. व्हीआयआयआरएसची नजर साधारण ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे निळ्या रंगाच्या, पुढे सुरू होते. पांढऱ्या एलईडीतला निळा भाग त्याच्या अलीकडे येतो. म्हणजे रस्त्यावरचा पिवळा सोडियम दिवा काढून एलईडी लावला की डोळ्यांना रस्ता तितकाच किंवा अधिक उजळ दिसतो, उपग्रहाला मात्र शहर मंदावल्याचा भास होतो. आपल्याकडे २०१५ पासून सरकारी योजनेतून एक कोटीहून अधिक पथदिवे असे बदलले गेले. प्रकाशप्रदूषणाचे अभ्यासक ख्रिस्तोफर कीबा आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये उपग्रहाच्या नोंदींवरून सांगितलं होतं की जगातलं उजळलेलं क्षेत्र वर्षाला २.२ टक्क्यांनी वाढतंय. २०२३ मध्ये त्यांनी जगभरच्या हौशी निरीक्षकांनी डोळ्यांनी मोजलेले तारे हिशोबात घेतले, तेव्हा आकाशाची चकाकी वर्षाला ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचं निघालं. तारे मोजणारा माणूस इथे उपग्रहाला भारी पडला.

याची उलट बाजू विदर्भात पाहायला मिळते. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा अशा आसपासच्या गावांत शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंड केलेले बसवले गेले. पुढच्या एखाद्या नकाशासंग्रहात ही गावं आधीपेक्षा अंधारी दिसली, तर वीज गेली म्हणून नव्हे.