डेटाबेस स्वयंप्रारंभ

डेटाबेस स्वयंप्रारंभ : संगणक चालू होताच डेटाबेस सर्व्हर, त्याचा लिसनर (बाहेरून येणाऱ्या जोडण्या स्वीकारणारा प्रोग्राम) व त्यावर विसंबलेल्या सेवा माणसाचा हात न लागता ठरलेल्या क्रमाने सुरू करण्याची, तसेच नव्या डेटाबेसची मांडणी (वापरकर्ते, अधिकार, मेमरीची मर्यादा) स्क्रिप्टने (फाइलीत लिहून ठेवलेल्या आज्ञांनी) उरकण्याची पद्धत.

तिचे मूळ दोन ठिकाणी दाखवता येते. आयबीएमच्या सिस्टिम/३६० बरोबर आलेल्या जॉब कंट्रोल लँग्वेजमध्ये कार्डांचा गठ्ठा यंत्राला काम सांगे. गठ्ठा लावायला ऑपरेटर मात्र लागेच. त्याआधी, साधारणतः १९६३-६४ च्या सुमारास, एमआयटीतील सीटीएसएस या अनेकांनी एकाच वेळी वापरायच्या संगणक प्रणालीसाठी लुई पूझँ यांनी रनकॉम लिहिला. फाइलीत साठवलेल्या आज्ञा तो ओळीने चालवी. तेथून युनिक्सच्या आरसी (प्रारंभीच्या आज्ञांच्या) फाइलींपर्यंत परंपरा सलग लागते, म्हणून हे दुसरे मूळ अधिक ग्राह्य वाटते.

सिस्टिम फाइव्ह युनिक्समध्ये क्रम फाइलीच्या नावातच आला : ‘एस’पुढील अंक सुरू करण्याचा, ‘के’पुढील बंद करण्याचा. रेड हॅट लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांत सेवेची लॉक फाइल (सेवा चालू असल्याची खूण) नसेल, तर बंद करण्याची स्क्रिप्ट चालतच नसे. सुरू करताना ती फाइल बनवायची राहिली, की यंत्र बंद होताना डेटाबेस नीट न मिटता मध्येच तोडला जाई.

ओरॅकल डेटाबेसमध्ये सारी मदार ओराटॅब फाइलीवर असते. तिच्या ओळीत तीन भाग : इन्स्टन्सचे (चालणाऱ्या डेटाबेसचे) नाव, ओरॅकल होमचा (ओरॅकल बसवलेल्या फोल्डरचा) मार्ग आणि शेवटी ‘वाय’ किंवा ‘एन’. डीबीस्टार्ट ही स्क्रिप्ट फक्त ‘वाय’वाले डेटाबेस उठवते, नव्या डेटाबेसच्या ओळीत बहुधा ‘एन’ असतो. ओरॅकल १०जी रिलीज २ च्या पहिल्या आवृत्तीत तर या स्क्रिप्टमध्ये कंपनीच्या आतल्या यंत्रावरचा मार्ग तसाच राहून गेला होता. डेटाबेस सुरू होई, लिसनर नाही.

नाशिकच्या सातपूर, अंबड व सिन्नर औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांत या विषयाला विजेचे अंग आहे. (एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र शहराला खेटून असले, तरी भारनियमनाच्या वर्षांत नाशिक त्यातून सुटले नव्हते.) यूपीएस उतरला, की सर्व्हर धाडकन बंद पडतो. लाइट आल्यावर डेटाबेस आधी लॉग (बदलांची नोंदवही) वाचून अर्धवट व्यवहार मार्गी लावतो. याला मिनिटे लागतात, कधी बरीच. २०१० मध्ये आलेल्या सिस्टमडीत (लिनक्सवर सेवा सुरू करून सांभाळणारी प्रणाली) सेवा सुरू होण्याची मूळ मुदत ९० सेकंदांची आहे. तेवढ्यात तयारीचा निरोप आला नाही, तर सेवा मारली जाते आणि पुढच्या खेपेला तेच. ही मुदत अमर्याद ठेवावी, असे पोस्टग्रेस या डेटाबेसचे दस्तऐवज सुचवतात. सिस्टमडीच्या आधारासह बांधलेला पोस्टग्रेस ९.६ पासून (२०१६) हा निरोप स्वतः देतो. स्क्रिप्टमध्ये ‘स्लीप ३०’ (३० सेकंद थांब) टाकून भागवण्याची चाल सर्रास दिसते; ती अंदाजावर चालते, म्हणून डेटाबेसशी जोडणी करून पाहणे बरे.

डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन) याच्या अधिकृत पोस्टग्रेस इमेजमध्ये (तयार साच्यात) मांडणीच्या स्क्रिप्ट नावांच्या क्रमाने चालतात, पण डेटा फोल्डर रिकामे असेल तरच. मायएसक्यूएल डेटाबेसची इनिट-फाइल (प्रारंभीच्या विधानांची फाइल) मात्र दर वेळी चालते. तिच्यातील विधाने पुन्हा चालली तरी अडू नयेत, म्हणून ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ (आधी नसेल तरच) घालावे लागते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मास्टर या मुख्य डेटाबेसमधील प्रोसीजरवर (साठवलेल्या आज्ञांच्या संचावर) प्रारंभी चालण्याची खूण करतात.