कपाशीचं पेर मोजा, मग फवारा

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला ‘जीए’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. घडाचा दांडा लांबवायला, मणी फुगवायला तो दरवर्षी जिबरेलिक आम्ल वापरतो. त्याच जिल्ह्यात मालेगाव, येवला, नांदगावकडे कपाशीत मात्र झाडातल्या याच जिबरेलिनला, म्हणजे वाढीच्या संजीवकाला, आवर घालायची वेळ येते.

कपाशी मुळात बहुवर्षायू. आपण ती एका हंगामात काढतो, पण पाते (फुलकळी) लागल्यावरही तिचा शेंडा वाढतच राहतो. भारी काळी जमीन, युरियाचा जादा हात आणि लागून राहिलेला पाऊस एकत्र आले की ती माजते. रान दाटतं, खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही, तिथली पाती गळतात, बोंडं सडतात.

पेर म्हणजे खोडावरच्या दोन पानांमधलं अंतर; ते लांबवण्याचं काम जिबरेलिनचं. १९२६ मध्ये एइची कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवलं, की भाताची काही रोगट रोपं वेडीवाकडी उंच वाढतात ती एका बुरशीने सोडलेल्या द्रव्यामुळे. ते द्रव्य म्हणजे जिबरेलिन; झाडं स्वतःही ते बनवतात, हे पुढे कळलं. कपाशीवर फवारायचं वाढरोधक, मेपिक्वॅट क्लोराइड, ही निर्मिती सुरुवातीच्याच टप्प्यावर अडवतं. नवी पेरं आखूड येतात, पानं गडद हिरवी दिसतात. खरड छाटणीनंतर द्राक्षवेलीवर मारतात ते सीसीसीही (क्लोरमेक्वॅट क्लोराइड) असंच काम करतं. आधीच लांबलेलं पेर मात्र आखूड होत नाही, म्हणून कपाशी डोक्याएवढी झाल्यावर फवारून काही हाती लागत नाही.

‘अमुक दिवसांनी फवारा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. अमेरिकेतले कापूस उत्पादक शेंड्याकडून चौथ्या आणि पाचव्या पानामधलं पेर मोजतात. ते सुमारे ३ इंचांहून लांब असेल तर झाड माजतंय. २ इंचांच्या आत असेल तर त्याला हात लावायचा नाही. पाण्याचा ताण बसलेल्या हलक्या रानात ही फवारणी उलट नुकसान करते, आणि ती मागे घेता येत नाही. झाड आटोपशीर होतं, पण उत्पन्न दर वेळी वाढतंच असं नाही, हेही दुकानदाराने सांगायला हवं.

पातेगळीसाठी वेगळं संजीवक आहे: एनएए (नॅप्थॅलिन ॲसेटिक ॲसिड), साधारण २० पीपीएम, म्हणजे लिटरभर पाण्यात २० मिलिग्रॅम. ते देठाशी तुटण्याची क्रिया लांबवतं. पण गळलेलं पातं आधी उचलून बघा. त्याला छिद्र असेल तर तिथे अळीचा बंदोबस्त हवा, आणि सरीत पाणी तुंबलं असेल तर आधी चर काढायला हवा.