पायोग्लिटाझोन: 2013 च्या आदेशाची पार्श्वभूमी

18 जून 2013 रोजी केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26अ खाली पायोग्लिटाझोन या मधुमेहावरच्या औषधाचे उत्पादन व विक्री थांबवली. 31 जुलैला अटी घालून परवानगी परत दिली. दीड महिन्यात नवे काही सिद्ध झाले नव्हते.

याच गटातले ट्रोग्लिटाझोन यकृताला इजा होते म्हणून 2000 मध्ये अमेरिकेतून गेले. रोसिग्लिटाझोनवर 2010 मध्ये भारतातही बंदी आली. पायोग्लिटाझोनने पाय सुजतात, हृदय दुर्बल असेल तर ते जास्तच बिघडते, हे आधीपासून ठाऊक होते. वाद पेटला तो मूत्राशयाच्या कर्करोगावरून.

2011 मध्ये फ्रान्सने औषध थांबवले. तिथल्या पाहणीत जोखीम सरासरी 22 टक्क्यांनी वाढलेली दिसली. मात्र एकूण 28,000 मिलिग्रॅमहून जास्त औषध घेतलेल्यांत ती 75 टक्क्यांनी वाढली होती. रोज 30 मिलिग्रॅम घेतले तर हा टप्पा अडीच वर्षांत येतो, 15 ने पाच आणि 7.5 ने दहा वर्षांत. आपल्याकडे 15 आणि 7.5 च्या गोळ्या सर्रास चालतात, त्यामुळे सरसकट मनाई हा उपाय ढोबळच होता. शिवाय हा कर्करोग मुळातच विरळ असल्याने टक्केवारी दिसते तेवढी भयंकर नसते.

परवानगी परत देताना माहितीपत्रकावर लाल ठळक अक्षरांत इशारा सक्तीचा झाला: पहिले औषध म्हणून देऊ नये, मूत्राशयाचा कर्करोग झालेल्यांना किंवा लघवीतून रक्त जाण्याचे कारण न कळलेल्यांना देऊ नये. पण दुकानात पट्टी कापून दहा गोळ्या मिळतात, पत्रक खोक्यातच राहते. त्यातून मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्याच औषधांसोबतच्या तिहेरी गोळीत पायोग्लिटाझोन आहे हे कित्येकांना माहीतच नसते. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांतले घटक वाचावे लागतात.

अमेरिकेत 2014 मध्ये लुइझियानातल्या ज्यूरीने हे औषध विकणाऱ्या टाकेडा आणि इलाय लिली या दोन कंपन्यांना मिळून 9 अब्ज डॉलरचा दंड ठोठावला. न्यायाधीशांनी तो पावणेचार कोटी डॉलरच्या आत आणला. टाकेडाने जपायची कागदपत्रे नष्ट केल्याचा ठपका त्या खटल्यात मोठा होता. 2015 मध्ये सुमारे 2.4 अब्ज डॉलरची तडजोड झाली, ती तिथल्या दाव्यांपुरतीच. त्याच वर्षी आलेल्या दीर्घ अभ्यासात मूत्राशयाच्या कर्करोगाच्या जोखमीत लक्षणीय वाढ आढळली नाही. तरी 2016 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने इशारा कायम ठेवला.