गोरिला छाती बडवतो म्हणजे अंगावर येणारच?

‘गोरिला मुठींनी छाती बडवू लागला की हल्ला ठरलेलाच’, हा मजकूर वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय. सिनेमांत तसंच दिसत आल्याने तो पटतोही.

आधी मुठींचं पाहू. गोरिला तळवे किंचित पोकळ करून छातीवर भराभर, आळीपाळीने मारतो. गळ्याजवळच्या हवेच्या पिशव्यांमुळे आवाज घुमतो आणि दाट जंगलातही सुमारे १ किलोमीटरवर पोचतो. खात्री करायचीय? व्हिडिओ पाव वेगाने लावून बोटं पाहा. मग स्वतःच्या छातीवर एकदा मूठ, एकदा पोकळ तळवा मारा. फरक लगेच ऐकू येईल.

आता हल्ल्याचं. रवांडातल्या पर्वतीय गोरिलांच्या ध्वनिमुद्रणांत आढळलं, की नर जितका थोराड तितका आवाज खर्जातला. ही आपल्या आकाराची दवंडीच! दुसरा नर अंदाज घेऊन वाट बदलतो, मारामारी बहुधा टळते. पिल्लंही खेळताना छाती बडवतात.

याचा अर्थ जवळ जावं असा नाही. पाठीवर रुपेरी केस आलेला नर कळपासाठी चावतोही. प्राणिसंग्रहालयात काचेसमोर छाती बडवून दाखवणं, रोखून बघणं त्याला आव्हानच वाटू शकतं.