व्हिज्युअल व्हॉइसमेल आणि लाइव्ह व्हॉइसमेल: निरोप पडून असतो कुठे?

न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या शेजारी राहणारे काका परवा तणतणतच आले. फोन उचलला नाही तर समोरच्याने आवाजात निरोप ठेवायचा, त्या व्हॉइसमेलवरून. "अगं, माझा व्हॉइसमेल चालू आहे. बोलणाऱ्याचे शब्दसुद्धा दिसतात स्क्रीनवर. आणि दवाखान्यातली बाई म्हणते, काका, तुमच्याकडे निरोप ठेवताच येत नाही!"

मी त्यांचा फोन पाहिला. आयफोन, लाइव्ह व्हॉइसमेल व्यवस्थित चालू. मग तो फोन पूर्ण बंद केला, माझ्या फोनवरून त्यांचा नंबर लावला आणि स्पीकरवर टाकला. या नंबरचा मेलबॉक्स अजून तयार केलेला नाही, असं एक रेकॉर्ड केलेला आवाज इंग्रजीत सांगत होता. मागच्या महिन्यात काकांनी स्वस्त प्लॅन बघून फोन कंपनी बदलली होती. नंबर तोच राहिला, पण नव्या कंपनीकडचा मेलबॉक्स, म्हणजे निरोप साठवायची पेटी, कोराच होता.

काकांना हसण्यात अर्थ नाही. व्हिज्युअल आणि लाइव्ह, दोन्ही प्रकारांच्या नावात व्हॉइसमेल आहे, दोन्हींचे निरोप फोन अ‍ॅपमध्ये एकाच टॅबखाली येतात आणि दोन्हीकडे बोलणं अक्षरांत उमटतं. त्यात भारतात व्हॉइसमेल कधी रुजलाच नाही. तिकडे मिस्ड कॉल हाच निरोप. त्यामुळे अमेरिकेत वीस वर्षं काढलेली माणसंही इथे गडबडतात.

आधी थोरल्याबद्दल, म्हणजे व्हिज्युअल व्हॉइसमेलबद्दल. पूर्वी व्हॉइसमेल ऐकायचा म्हणजे १ चं बटण दाबून धरायचं, पासवर्ड टाकायचा आणि मग निरोप आले त्या क्रमाने मुकाट्याने ऐकायचे. पाचवा हवा असला तरी आधीचे चार ओलांडूनच जायचं. जानेवारी २००७मध्ये स्टीव्ह जॉब्सने पहिला आयफोन दाखवला, तेव्हा त्यात व्हिज्युअल व्हॉइसमेल होता: निरोपांची यादी समोर, हवा त्यावर बोट ठेवा. त्या जूनमध्ये फोन विकायला आला तो फक्त एटी अँड टी या फोन कंपनीच्या नेटवर्कवर. ही सोय एकट्या फोनच्या हातात नव्हतीच. कंपनीनेही आपल्या बाजूने तयारी करावी लागते.

ती आजही करावी लागते. तुम्ही फोन उचलला नाही की कॉल कंपनीच्या मेलबॉक्सकडे वळतो आणि निरोप तिथे रेकॉर्ड होतो. साधारण पद्धत अशी, की कंपनी तुमच्या फोनला एक छुपा एसएमएस धाडते, तो तुम्हाला दिसत नाही. फोन त्यावरून समजतो की काहीतरी आलंय, आणि ईमेल उतरवून घ्यावी तसा तो आवाज उतरवून घेतो. म्हणजे यादी तुमच्या खिशात, पण मूळ पेटी कंपनीकडे. सेटिंग करताना लोक अडतात तेही इथेच. मोबाइल डेटा बंद असतो, किंवा फोन नुसत्या वायफायवर असतो, किंवा स्वस्त प्रीपेड प्लॅनमध्ये ही सोयच नसते. आयफोनवर व्हॉइसमेल टॅबमध्ये यादीऐवजी मेलबॉक्सला फोन लावायचं बटण आलं, तर बहुधा ही शेवटची भानगड. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर पुन्हा प्रयत्न करा, नाहीतर थेट कंपनीला विचारा.

बाकी सेटिंग पाच मिनिटांचं. फोन अ‍ॅप, व्हॉइसमेल, 'सेट अप नाउ', पासवर्ड दोनदा, मग स्वागताचे दोन शब्द. अँड्रॉइडवर फोन अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये व्हॉइसमेल शोधा. काही कंपन्या मात्र आपलंच वेगळं अ‍ॅप गळ्यात मारतात.

पासवर्ड १२३४ ठेवू नका. कंपनीकडच्या पेटीत दुसऱ्या फोनवरूनही शिरता येतं. ब्रिटनमध्ये 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'साठी लोकांचे व्हॉइसमेल ऐकले गेले ते याच वाटेने, आणि बऱ्याच जणांचा पिन कंपनीने दिलेलाच राहिला होता. १६८ वर्षांचं ते वृत्तपत्र जुलै २०११मध्ये बंद पडलं.

आता धाकटा. लाइव्ह व्हॉइसमेल सप्टेंबर २०२३मध्ये आयफोनच्या आयओएस १७ या सॉफ्टवेअरबरोबर आला. यात कॉल कंपनीकडे जातच नाही, फोन स्वतःच उचलतो. समोरचा बोलत असतानाच त्याचे शब्द स्क्रीनवर येत राहतात आणि पटलं तर मध्येच कॉल घेता येतो. ज्यांनी कॅसेटवालं आन्सरिंग मशीन वापरलंय त्यांना हे लगेच कळेल: पोळी लाटता लाटता मशीनवरचा आवाज ऐकायचा आणि ओळखीचा निघाला तर पिठाच्या हातांनी धावत जाऊन रिसीव्हर उचलायचा. मला विचाराल तर या दोघांत मजेदार हाच. सेटिंग म्हणजे एक खटका: सेटिंग्ज, अ‍ॅप्स, फोन, लाइव्ह व्हॉइसमेल. पासवर्ड नाही, कारण बाहेरून शिरायला पेटीच नाही.

पण फोन बंद असला, विमानात असला, तळघरात रेंज गेली, तर तो उचलणार कसा? मग कॉल जातो कंपनीच्या मेलबॉक्सकडे, आणि तो कोरा असेल तर काकांसारखी गत. म्हणून लाइव्ह चालू केला तरी कंपनीकडची पेटी उघडावीच लागते. न उचललेला कॉल कुठे वळतो हे बघायचं असेल तर *#61# लावून पाहा. काही कंपन्यांवर वळवलेला नंबर लगेच दिसतो. काहींवर हा कोड चालत नाही.

अक्षरांत उमटलेल्या मजकुरावर तर फार भिस्त ठेवू नका. माझा फोन इंग्रजीच ऐकतो. पुण्याहून आईने "अरे, जेवलास का?" असा माझ्या नवऱ्यासाठी निरोप ठेवला, तर स्क्रीनवर उमटलं "आर यू जेलस". दोन दिवस घरात तोच विनोद चालला होता.

कंपनी बदलणाऱ्यांना आणखी एक सांगते. जुन्या कंपनीच्या पेटीतले निरोप नंबरासोबत येतीलच असं समजू नका. आजोबांचा आवाज, बाळाचं पहिलं बोबडं बोलणं असं काही जपायचं असेल तर नंबर हलवायच्या आधी त्या निरोपावरचं शेअरचं बटण दाबून तो 'फाइल्स'मध्ये ठेवा. काकांनी हे केलं नव्हतं. काय काय गेलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मेलबॉक्स मात्र त्याच बैठकीत उघडला. स्वागताचे शब्द काकांनी तीनदा रेकॉर्ड केले. पहिल्यांदा फार कडक वाटले, दुसऱ्यांदा नाव सांगायचंच राहिलं. तिसऱ्यांदा शेवटच्या शब्दावर कुकरची शिट्टी झाली. "राहू दे," काका म्हणाले, आणि 'सेव्ह' दाबलं.