बारा किलोमीटरचे तेरा कसे होतात?

एकाच पायवाटेने बरोबर चालून आलेल्या दोघांनी परतल्यावर आपापले फोन शेजारी ठेवले, तर एकात १२.१ आणि दुसऱ्यात १३ किलोमीटर दिसू शकतात. निघण्यापूर्वी संगणकावरच्या नकाशावर आखलेली तीच वाट तर ११.६ किलोमीटर भरलेली असते. मग कोणाचे जीपीएस चांगले, यावर वाद रंगतो. माझ्या मते हा वाद चुकीच्या जागी चाललेला असतो, कारण दोन्ही फोनांनी क्षणोक्षणीचे स्थान सारख्याच अचूकतेने टिपले असले तरी हा फरक पडू शकतो. तो पडतो बेरजेत.

जीपीएसचे उपग्रह आपल्यावर नजर ठेवतात, हा समज आधी दूर करायला हवा. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते फक्त आपली वेळ आणि आपली जागा सांगत राहतात आणि फोन ते ऐकतो. म्हणूनच नकाशा आधी उतरवून घेतला असेल, तर नेटवर्क नसलेल्या रानातही आपले ठिकाण कळते. संदेश पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघते, आणि त्या वेळेत एक अब्जांश सेकंदाची चूक झाली की अंतर ३० सेंटिमीटरने चुकते. मोकळ्या आकाशाखाली चांगला स्मार्टफोन साधारण पाच मीटरच्या आत स्थान सांगतो. दाट झाडीत किंवा कड्याला लागून चालताना, लहरी खडकावरून परावर्तित होऊन येत असल्यामुळे, चूक याहून बरीच वाढते.

आता बेरजेकडे वळू. स्थानातली चूक कधी डावीकडे असते, कधी उजवीकडे, त्यामुळे सरासरी काढली तर अशा चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात. लांबीच्या बाबतीत मात्र तसे होत नाही, कारण लांबी कधीच ऋण नसते. समजा, आपण एका सेकंदात १.४ मीटर पुढे गेलो आणि त्याच सेकंदात फोनने टिपलेला बिंदू चुकीने एक मीटर बाजूला सरकला. पायथागोरसच्या नियमाने फोनच्या हिशेबी आपण सुमारे १.७२ मीटर चाललो. पुढच्या सेकंदाला बिंदू उलट्या बाजूला सरकला तरी वाढलेले अंतर वजा होत नाही. त्यात भरच पडते. एका झाडाखाली जेवायला बसलो असताना माझ्या फोनने काढलेली रेषा मी नंतर मोठी करून पाहिली, तेव्हा तिथे गुंतलेल्या दोऱ्यासारखे भेंडोळे होते, आणि त्या भेंडोळ्याची सगळी लांबी माझ्या चालण्यात जमा झाली होती.

प्रत्यक्षात लागोपाठच्या बिंदूंच्या चुका बहुधा एकाच दिशेच्या असतात, त्यामुळे वाढ इतकी भयंकर नसते. शिवाय प्रत्येक अ‍ॅप आपापल्या रीतीने रेषा गुळगुळीत करते, आणि दोन फोनांचे आकडे वेगळे येतात ते मुख्यतः यामुळेच. याउलट, नकाशावर वाट आखताना आपण वळणावळणाला एकेक बिंदू देतो आणि मधल्या बाकाऐवजी सरळ जीवा मोजली जाते, म्हणून आखलेली वाट खऱ्या वाटेपेक्षा आखूड भरते.

चुका साठण्याचा हा गुण माणसाच्या पायांतही आहे. रानात भटकून पुन्हा त्याच जागी आले की ‘चकवा लागला’ असे म्हटले जाते. संशोधक यान साउमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जर्मनीतल्या जंगलात लोकांना सरळ चालायला सांगून त्यांची वाट जीपीएसने टिपली होती. सूर्य दिसत असताना लोक जवळजवळ सरळ गेले. ढगाळ आकाशाखाली ते गोल गोल फिरले, आणि काहींनी तर आपलीच वाट नकळत पुन्हा ओलांडली. दिशेच्या जाणिवेतली बारीकशी चूक पावलागणिक साठत जाते. यात भुताखेताचा काही संबंध नाही. जीपीएस मात्र दर वेळी उपग्रहांचे नव्याने ऐकते, म्हणून त्याची चूक एकूण अंतरात साठली तरी ठिकाणात साठत नाही.

सर्वांत मोठी फसगत चढाच्या आकड्यात होते, कारण तिथे फक्त वर जाणे मोजतात. अनेक अ‍ॅप २००० साली एंडेव्हर अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंच्या वापरतात. त्यांची जाळी सुमारे ३० मीटरची आहे, म्हणजे साधारण दर ३० मीटरवर एक उंची. ४५ अंशांच्या उतारावरून आडवी, सपाट वाट जात असेल आणि आपण आखलेली रेषा जागोजागी दहा मीटर खाली-वर सरकली असेल, तर सपाट वाटेवरही दहा-दहा मीटरचे खोटे चढ उभे राहतात.

याचा परिणाम थेट वेळेवर होतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये दिलेला नियम मेट्रिक मापात असा मांडतात: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. बारा किलोमीटर आणि ३८० मीटर चढ असेल, तर तीन तास दोन मिनिटे लागतील. अ‍ॅपने चढ ७१० मीटर दाखवला, तर हाच हिशेब तीन तास पस्तीस मिनिटांवर जातो. म्हणून आडव्या वाटांच्या मुलखात मी चढ हाताने मोजतो. नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, दर दहा मीटर उंचीला एक अशा असतील, तर आपली वाट त्यांतल्या किती रेषा चढताना ओलांडते ते मोजून दहाने गुणायचे, आणि वाट रेषेला समांतर जात असेल तिथे काहीही मोजायचे नाही.